मासळीचा गॅस

उमरोळीच्या त्या वाडीत आम्ही राहायला गेलो तेव्हा मी अकरावीत होते आणि घरात माणसं दोनच होती, आई आणि मी. बाबा नाशिकला बँकेत होते. आईबाबांचं भांडण झालेलं मी कधी ऐकलं नाही. आईला मुंबईच्या एका संशोधन संस्थेत नोकरी लागली, बाबांनी नाशिक सोडलं नाही, आणि हळूहळू त्या विषयावर बोलणंच बंद झालं. मला विचारलं, तू कुणाकडे राहणार? मी आई म्हटलं. बाबांकडे आत्या होती, आजी होती, शेजारपाजार होता. आई एकटी निघाली होती. तिला सोबत होईल असं मला वाटलं असावं. आपल्या सोबतीची कुणाला गरज आहे असं वाटण्याचंच ते वय असतं.

आईनं रसायनशास्त्रात डॉक्टरेट केली होती. तिचं काम सांगायला सोपं होतं. मासळीबाजारात जे फेकून दिलं जातं, आतडी, डोकी, खवले, उन्हानं गेलेली मासळी, त्यापासून चुलीला लागणारा गॅस करायचा आणि मागे राहणाऱ्या गाळाचं खत करायचं. शेणाचा गॅस तेव्हाही गावोगाव होत होता. मासळीचा मात्र नीट होत नव्हता. पहिले काही दिवस टाकी फुगायची, मग अचानक बसायची आणि आतलं सगळं नासून जायचं. हे का होतं आणि कसं थांबवायचं, हे शोधायला संस्थेनं तिला इथं पाठवलं होतं. पश्चिमेला मुरबे, दांडी असा सगळा मासळीचा किनारा, आत वाड्या आणि भातशेती, आणि मुंबईला जायला गाडी. यापेक्षा सोयीची जागा मिळणार नाही, असं आई म्हणायची. कुणाच्या सोयीची, ते मी विचारलं नाही.

वाडी राऊतकाकांची होती. चिकू, नारळ, मधल्या मोकळ्या जागेत भाजी. वाडीच्या अगदी टोकाला दोन खोल्यांचं कौलारू घर होतं, त्यात पूर्वी चिकूच्या करंड्या ठेवत. त्या घराच्या मागे आईनं प्लांट बांधून घेतला. विहिरीसारखी गोल, विटांची टाकी आणि तिच्यावर पालथं घातलेलं लोखंडी पिंप, एखादं भलंमोठं पातेलं उपडं घालावं तसं. गॅस जमला की पिंप वर यायचं, वापरला की खाली जायचं. शेजारी जमिनीत खोदलेला एक चौकोनी खड्डा होता, त्यात उतरायला दगडी पायऱ्या. टाकीतला गाळ नळानं त्या खड्ड्यात पडायचा. राऊतांचं घर वाडीच्या दुसऱ्या टोकाला, हाक मारली तर ऐकू जाईल न जाईल इतकं दूर. तसं ते मुद्दाम होतं. वासामुळे.

दुपारी कॉलेजातून परत आले की त्या घरात मी आणि आवाज, एवढेच असायचो. पिंप वर सरकताना भिंतीला घासायचं आणि एखाद्या म्हाताऱ्यानं कुशीवर वळावं तसं कण्हायचं. झावळ्या कोरड्या सळसळायच्या. मालगाडी जाताना ताटाळ्यातले पेले किणकिणायचे. वारा उत्तरेचा असला तर तारापूरच्या कारखान्यांचा भोंगा यायचा, आणि तो आला की मला उगाच वाटायचं की आता कुणीतरी घरी येईल. आई प्लांटवरच असायची. अंधार पडायला लागला की हातपाय धुऊन आत यायची, स्टोव्हवर खिचडी टाकायची आणि ती शिजेस्तोवर आकडे मांडत बसायची. खिचडी रोज थोडी लागायची. करपलेल्या मुगाचा वास आला की मला आजही ते घर दिसतं, पिवळा बल्ब आणि आईची वाकलेली मान.

टाकीतल्या जंतूंना आई ‘मंडळी’ म्हणायची. गॅस करतात ते जंतूच, माणसानं फक्त त्यांची बडदास्त ठेवायची, असं तिचं म्हणणं. “आज मंडळी खूश आहेत,” किंवा “मंडळींना काल फार झालं, अजीर्ण झालंय.” मासळीत नत्र फार, ते एकटं खाऊन मंडळींना बाधतं, म्हणून त्यांना तोंडीलावणं म्हणून चिरलेला पेंढा, पिकून सडलेले चिकू, थोडं शेण द्यायचं. कशाबरोबर काय आणि किती दिलं की त्यांना सोसतं, हेच तिचं संशोधन. थंडी पडली तेव्हा तिनं टाकीभोवती पेंढ्याच्या पेंढ्या रचल्या आणि वरून गोणपाटं बांधली. त्या आठवड्यात मला ताप होता. आईनं औषध दिलं, कपाळावर पट्ट्याही ठेवल्या, नाही असं नाही. पण पट्टी बदलता बदलता तिचं लक्ष खिडकीबाहेर जायचं. मी डोळे मिटून पडायचे आणि मनात त्या मंडळींचा हेवा करायचे. हे सांगताना आता हसू येतं. तेव्हा येत नव्हतं.

पालघरच्या कॉलेजात माझ्या बाकावर माझ्या शेजारी कुणी बसत नसे. पहिल्या महिन्यात एक मुलगी बसायची. एकदा ती फार संकोचून म्हणाली, “राग नको मानू, पण तुझ्या केसांना वास येतो.” मी शिकेकाई लावून पाहिली, लिंबू लावून पाहिलं, कपडे दोनदा धुऊन पाहिले. तो वास कपड्यांचा नव्हताच, आमच्या हवेचा होता. मासळीच्या वासाचं कुणाला काही नव्हतं, तिथल्या अर्ध्या मुली मासळी खाणाऱ्या घरातल्या. पण हा वास वेगळा होता, नासक्या अंड्याचा. मी मागच्या बाकावर खिडकीशी बसायला लागले आणि त्याची सवय करून घेतली.

आमच्याकडे नेमानं येणारं माणूस एकच, मुरब्याची हिराबाई. ती टोपलीत मासळी घेऊन वाड्यावाड्यांतून विकायची. आईनं तिला मुरब्यातल्या बायकांकडून मासळी साफ केलेला कचरा गोळा करून आणायचं काम दिलं होतं. एका टेम्पोत पिंपं घालून ती यायची आणि वाडीच्या फाटकापासूनच ओरडायची, “डॉक्टरीणबाय, तुमच्या मंडळींचा डबा आणला हाय!” पहिल्यांदा तिला हे सगळं वेडेपणाचं वाटलं होतं. “आमी जे कुत्र्याला नाय घालत ते तुमी पोसायला नेता,” असं ती म्हणाली होती. मग तिला आईची दया आली असावी, कारण पिंपांबरोबर ती आमच्यासाठी वेगळं काहीतरी आणायला लागली. कधी मूठभर सुकट, कधी बोंबील, कधी चिंबोऱ्या, पाय केळीच्या सोपटानं बांधलेल्या. आई घरात नसली तर पदर खोचून तीच कालवण करायची आणि तांदळाची भाकरी थापायची. मी जेवेपर्यंत उंबऱ्यावर बसून राहायची. “खा गं बाय, मान वर करून खा. परीक्षा नाय देत तू,” म्हणायची. त्या दोन वर्षांत मला कुणी जेवताना पाहिलं असेल तर तिनं.

होळीच्या सुमारास आईचं प्रमाण जमलं. पिंप वर आलं ते बसलं नाही. गॅस जळायला लागला, पण भांडी काळी पडायची आणि खोलीभर नासक्या अंड्याचा वास सुटायचा. गॅसमध्ये गंधकाचा एक विषारी वायू मिसळलेला असतो, तो लोखंडाच्या चुऱ्यातून गाळला तर अडकतो, हे आईला ठाऊक होतं. तेव्हा एका सुट्टीच्या दिवशी आम्ही दोघी बोईसरला गेलो आणि लेथ मशीनच्या एका लहानशा वर्कशॉपमधून लोखंडाच्या किसाच्या गोण्या भरून आणल्या. तिथला कारागीर बिहारकडचा होता. गोणीचं तोंड बांधताना त्यानं मला विचारलं, “बिटिया, यह तो कबाड़ है। इसका क्या करोगी?” मी म्हटलं, “चाय बनाएँगे.” तो खूप हसला. आईही हसली. परत येताना गाडीत ती माझ्या शेजारी बसली होती, पायाशी गोण्या, आणि तिनं मला कॉलेजचं विचारलं, मैत्रिणींचं विचारलं. मी सगळं छान चाललंय म्हणून सांगितलं. इतका चांगला दिवस मला बिघडवायचा नव्हता.

गाळलेल्या गॅसवर पहिला चहा झाला तेव्हा राऊतकाका आणि काकी आले होते. निळी ज्योत बघून काका म्हणाले, “हे बेस झालं.” आईनं तिथंच विचारलं, नळी तुमच्या स्वयंपाकघरापर्यंत टाकू का? काकींनी चहाचे कप विसळायला घेतले. श्रावण आल्यावर त्यांनी मनातलं सांगितलं, “ताई, रागवू नका. पण मावऱ्याच्या, मासळीच्या गॅसवर आमी नैवेद्य कसा शिजवायचा?” आईनं वाद घातला नाही. ती म्हणाली, “श्रावण जाऊ द्या. मग बघू.” गणपती गेले, नवरात्र गेलं, आणि खरोखरच नळी टाकायची तयारी सुरू झाली.

आता त्या दिवसाचं सांगायला हवं. त्याआधी एक गोष्ट. आईनं मला तीन नियम पाठ करायला लावले होते, लहान मुलाला श्लोक शिकवावा तसे. वास येतोय तोवर आपण शुद्धीवर आहोत असं समजायचं. येता येता वास थांबला तर हवा चांगली झाली असं समजायचं नाही, नाक मेलंय असं समजायचं आणि मागे पळायचं. आणि खड्ड्याशी कुणी पडलेलं दिसलं तर त्याच्याकडे धावायचं नाही. आई म्हणायची, “जो पहिला पडतो तो अपघात. त्याच्यामागे जो उतरतो तो मूर्खपणा.” मी विचारलं होतं, “आणि पडलेली तू असलीस तर?” ती खिचडी वाढत होती. “तर मीच,” ती म्हणाली. “नियमाला आई नसते.”

दिवाळी तोंडावर आली होती. ऑक्टोबरातली दुपार, झावळीचं पान हलत नव्हतं. मी ओसरीवर सहामाहीचा अभ्यास करत होते. गाळाचा नळ सकाळपासून तुंबला होता आणि आई बांबू घेऊन तो मोकळा करायला गेली होती. खरं तर वारं पडलेलं असताना तिनं खड्ड्याच्या पायऱ्यांवर पाय ठेवायला नको होता. पण नळी टाकायचे लोक दुसऱ्या दिवशी येणार होते. मला बांबूचा ठकठक आवाज येत होता. मग भसकन काहीतरी सुटल्यासारखा आवाज झाला, तुंबलेलं एकदम मोकळं झाल्यासारखा. मी वाट पाहिली की आता ती काहीतरी म्हणेल, “सुटलं गं” असं काहीतरी. ती काही म्हणाली नाही.

मी हाक मारली. पुन्हा मारली. मग वही टाकून मागे गेले. टाकीच्या कडेनं वळले तेव्हा वास इतका उग्र आला की डोळ्यांत पाणी आलं. आणखी थोडं पुढे गेले आणि वास गेला. एकदम, दिवा मालवावा तसा. मला खड्डा दिसत होता. आई पायऱ्यांवर पडलेली होती, कमरेपासून वर, तोंड एका बाजूला वळलेलं, पाय खाली गाळात. तिच्या अंगात प्लांटवर घालायचा खाकी कोट होता. एक चप्पल पायरीवर वेगळीच पडली होती.

मी थांबले. ती माझ्यापासून हातभर नव्हे, पण चार ढांगांत गाठता येईल इतकी जवळ होती. माझे पाय मागे गेले. मी ते नेले की ते गेले, मला सांगता येणार नाही. मागे, टाकीच्या वळणापर्यंत, जिथं वास पुन्हा आला तिथपर्यंत. तिथं उभी राहून मी राऊतकाकांच्या नावानं ओरडायला लागले. इतकी एकटी मी आयुष्यात पुन्हा कधी नव्हते. नंतर माणसं गेली, घरं सुटली, पण तसं एकटेपण नाही आलं. माझी आई तिथं होती आणि मी इथं होते, आणि मध्ये जे होतं ते दिसत नव्हतं.

हिराबाई त्या वेळी फाटकातून आत येत होती. माझं ओरडणं ऐकून ती धावतच आली. तिनं खड्डा पाहिला, डोक्यावरची टोपली फेकली आणि सरळ निघाली. मी तिला कमरेला धरलं.

“सोड मला! तुजी आय पडली हाय!”

“उतरू नका. मावशी, उतरू नका, तुम्ही पण पडाल.”

“तुजी आय मरते नि तू बघत उभी राहते?”

तिनं मला मारलं. तोंडावर, कानावर, जिथं हात लागेल तिथं. दर्यावरच्या बाईचा हात. मी सोडलं नाही. तोंडानं सारखं एकच म्हणत होते, “वास गेलाय, वास गेलाय,” आणि त्याचा अर्थ तिला कसा कळावा? मग मला घराच्या मागच्या भिंतीला टेकवलेली आकडी दिसली. चिकूच्या फांद्या खाली ओढायला लांब बांबूला लोखंडी आकडा लावलेला असतो, ती. मी हिराबाईला हिसडून मागे पाडलं, आकडी आणली आणि छाती भरून श्वास घेतला. वरच्या बाजूनं, जितकं लांब राहता येईल तितकं लांब राहून, मी आईच्या कोटाचा पट्टा शोधायला लागले. पहिल्यांदा आकडा निसटला. मागे आले, श्वास घेतला, पुन्हा गेले. दुसऱ्यांदा तो पट्ट्यात अडकला. तोवर हिराबाईला उमगलं होतं. ती माझ्यामागे उभी राहिली, जाळं ओढायला राहतात तशी पाय रोवून, आणि दोघींनी ओढलं. आईचं डोकं प्रत्येक पायरीवर आपटत होतं. तो आवाज मी कुणाला सांगत नाही.

राऊतकाका आले तेव्हा आम्ही तिला आंब्याखाली आणली होती. ती श्वास घेत होती, मधूनच, आठवल्यासारखा. काकांनी त्यांचा चिकूचा टेम्पो काढला. पालघरच्या दवाखान्यात पोचेपर्यंत हिराबाईनं आईचं डोकं मांडीवर धरलं होतं आणि ती माझ्याकडे बघत नव्हती.

मी पुढे तारापूरच्या कारखान्यांमध्ये कामगारांना सुरक्षेचे धडे देण्याचं काम केलं. निवृत्त होईपर्यंत तेच केलं. सांडपाण्याच्या टाक्या, गटारांची भुयारं, जिथं एक माणूस पडतो आणि त्याला काढायला दुसरा, त्या दुसऱ्याला काढायला तिसरा उतरतो. हल्ली कचऱ्यापासून गॅस करणारे मोठमोठे प्रकल्प निघालेत, फोनवर रोज एखादी बातमी दिसते, आणि आईला हे बघायला मिळायला हवं होतं असं वाटून जातं. मी पोरांना नियम सांगायचे तेव्हा कुणीतरी हमखास विचारायचं, “मॅडम, अपना भाई गिरा तो भी नहीं जाने का?” मी म्हणायचे, भाई असला तर आधी दोर आण. त्यांना ते कठोर वाटायचं. मी आणखी काही सांगत नसे.

दवाखान्यात दुसऱ्या दिवशी आईनं डोळे उघडले. नाकाला ऑक्सिजनची नळी, कपाळावर टाके. मी शेजारी स्टुलावर होते. ती बराच वेळ छताकडे बघत होती. मग तिनं विचारलं, “मी कुठं पडले होते?”

“पायऱ्यांवर.”

“तू उतरलीस?”

“नाही. आकडीनं ओढलं.”

“बरोबर केलंस,” ती म्हणाली. उत्तरपत्रिकेवर खूण करावी तसं. डोळे मिटले. मी वाट बघत राहिले. थोड्या वेळानं ओठ हलले म्हणून मी कान जवळ नेला. “मंडळींना कुणी खायला घातलं का?” ती विचारत होती. मी बाहेर व्हरांड्यात गेले आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिले.

तिथं हिराबाई आली. डॉक्टरांनी तिला सगळं समजावून सांगितलं होतं, खड्ड्यात उतरली असती तर आज तिची पोरं पोरकी झाली असती, हेही. ती माझ्यासमोर उभी राहिली. माझा गाल अजून सुजलेला होता. तिनं त्यावर हात ठेवला. “माझा हात उठला गं बाय तुज्यावर,” ती म्हणाली आणि मोठ्यानं रडायला लागली. तिला शांत करताना माझं रडायचं राहून गेलं.

उमरोळीत मात्र गोष्ट वेगळीच पसरली. आई मरत होती आणि पोरगी लांब उभी राहिली. नळावर पाणी भरायला गेले की बायका बोलायच्या थांबायच्या. कॉलेजातही ती पोचली. कुणी तोंडावर वाईट बोललं नाही. राऊतकाकी तर रोज दोन्ही वेळचा डबा द्यायच्या. पण एकदा डबा हातात देताना त्या म्हणाल्या, “तू केलंस ते बरोबरच हाय, ह्यांनी मला सांगितलं. पण माझ्यानं नसतं बाय राहवलं.” त्यांच्या मनात काही नव्हतं. त्या खरं तेच बोलल्या होत्या. त्या रिकाम्या घरात बसून मी तो डबा उघडायचे आणि विचार करायचे, मला कसं राहवलं? सगळ्यांना जे राहवलं नसतं ते मला राहवलं, म्हणजे माझ्यात काय कमी आहे? आईला विचारता आलं असतं. पण तिचं उत्तर मला माहीत होतं.

बाबा आले. दवाखान्यात आईच्या पायथ्याशी अवघडून बसले, दोघं हळू आवाजात बोलले. बाहेर येऊन बाबा मला म्हणाले, “नाशिकला चल. सहामाही झाली की तिकडच्या कॉलेजात नाव घालू. तुझी खोली तशीच आहे.” मी लगेच हो म्हटलं. इतकं लगेच, की ते जरा चमकलेच. आईला सांगितलं तेव्हा तिनं मान हलवली. “बरं होईल,” म्हणाली. “इथं तुझे हाल होतात.” तिला ते दिसत होतं, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

तो प्रकल्प पुढे वर्षभर चालला. राऊतांच्या स्वयंपाकघरात नळी गेली, काकींनी त्यावर भाजणी भाजली, गाळाचं खत घातलेला वाल लोक बघायला यायचे. मग संस्थेनं लक्ष दुसरीकडे वळवलं आणि आईला मुंबईला परत बोलावलं. तिचं काम कुठल्याशा अहवालात गेलं. ती त्याबद्दल कडवट बोलली नाही. मंडळींनी त्यांचं काम चोख केलं होतं, एवढंच म्हणायची.

पण हे सगळं नंतरचं. आई घरी आली तोवर माझी सहामाही उरकली होती आणि दुसऱ्या सकाळी मी आणि बाबा निघणार होतो. माझी बॅग ओसरीवर भरून ठेवली होती. बाबा बॅगेशेजारी खुर्चीवर पेपर वाचत होते. आई उठली, केस बांधले, तो खाकी कोट घातला. धुऊनही त्यावरचे डाग गेले नव्हते. नेहमीसारखी मागच्या दारातून प्लांटकडे निघाली. मी स्वयंपाकघरात होते, तिथून ती मला दिसत होती. टाकीच्या वळणापर्यंत गेली आणि थांबली. मला वाटलं काहीतरी न्याहाळते आहे. बराच वेळ झाला तरी ती तिथंच. मग ती परत आली, दारात उभी राहिली. तिच्या कपाळावर घाम होता.

“काय राहिलं?” मी विचारलं.

“काही नाही.” ती दाराच्या चौकटीला धरून होती. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, “जरा माझ्याबरोबर येतेस का? एकटीनं जाववत नाहीये.”

आईनं मला कामं पुष्कळ सांगितली होती. हे आण, ते धर, एवढं लिहून घे. पण माझ्याबरोबर चल, असं तिनं मला कधीच म्हटलं नव्हतं.

मी गॅस बंद केला आणि बाहेर आले. तिनं माझं मनगट धरलं. आम्ही चालत गेलो. वळणाशी ती पुन्हा थांबली, मीही थांबले. वारा चांगला होता, झावळ्या हलत होत्या, वास येत होता. “येतोय ना तुला?” तिनं विचारलं. “येतोय,” मी म्हटलं. खड्ड्याच्या कडेला उभ्या राहून आम्ही पायऱ्या बघितल्या. कुणीतरी त्या घासून धुतल्या होत्या.

“तू इथवर आली होतीस?” ती म्हणाली.

“हो.”

“मी दिसत होते?”

“हो.”

तिची बोटं मनगटावर इतकी आवळली की मला दुखायला लागलं. मग ती म्हणाली, “फार घाबरली असशील गं,” आणि तिचा आवाज फुटला. मी तोवर रडले नव्हते. तिथं, त्या घाणेरड्या खड्ड्याच्या काठावर, आम्ही दोघी रडलो. पिंप शेजारी कण्हत वर सरकत होतं आणि तिनं त्याच्याकडे वळूनही पाहिलं नाही.

परत आलो तेव्हाही तिनं मनगट सोडलं नव्हतं. बाबांनी पेपर खाली घेतला. आमच्या तोंडांकडे पाहिलं, मग त्या हाताकडे. घड्याळ बघायला त्यांनी मनगट वर केलं होतं, ते तसंच खाली घेतलं. उठले, माझी बॅग उचलली आणि आत नेऊन माझ्या पलंगाखाली सरकवून आले.